यमुनाच्या कंबरेची नक्कल

हे लिहू का, असं मी आधी यमुनाला विचारलं. यमुना माझी बायको. ती सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लिहा ना. पण लुगड्याचा रंग बराबर लिहा. तुमी लोकायले निळं सांगता. हिरवं होतं थे."

तर लुगडं हिरवं होतं.

मी एसटीत कंडक्टर होतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गावात मला अजून कंडक्टरभाऊच म्हणतात. गाव चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेपासून फार लांब नाही. गेली काही वर्षं मला कंबरदुखी आहे. ती पूर्ण गेलेली नाही, जाईल असंही मला कुणी सांगितलेलं नाही, पण तिच्यासोबत राहायला मी शिकलो. कसा शिकलो ते लिहिलं तर अशा दुखण्याने बेजार झालेल्या एखाद्याला उपयोग होईल, म्हणून लिहितो आहे. माझ्या गावातल्या लोकांनीही हे वाचावं. एका गोष्टीत मी त्यांना खोटं सांगितलं होतं, आणि त्यांनी ते खरं मानलं होतं.

गाडी

कंबर आली कुठून, असं विचारलं तर मी गाडीकडे बोट दाखवतो. अहेरी, एटापल्ली, कधी चंद्रपूर, कधी पार कोरपन्याची ड्यूटी लागायची. बसायला जागा मिळाली तरी कंडक्टर बसतो कुठे? सीटच्या दांड्याला कंबर टेकायची, एका हाताने तिकीट फाडायचं, दुसऱ्याने सुट्टे मोजायचे, आणि खड्डा आला की सगळं अंग त्या दांड्यावर आपटायचं.

पण खरं सांगतो, तसे दिवस पुन्हा आले नाहीत. चैतात गाडीभर मोहफुलांचा वास असायचा. टोपल्या टपावर चढवा म्हटलं तरी बाया ऐकायच्या नाहीत, मांडीवरच घेऊन बसायच्या. एटापल्लीकडच्या म्हाताऱ्या गोंडीत बोलायच्या, मी मराठीत, आणि तिकीट बरोबर फाटायचं. चारोळीच्या दिवसांत मूठभर चारोळी माझ्या खिशात यायची. आता त्याच रस्त्याने सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीतल्या मालाचे ट्रक एकामागे एक जातात. धूळ बसत नाही तोवर दुसरा येतो.

गाडीने कंबर खिळखिळी केली असेल, पण ती धरली घरीच. धानाचं पोतं उचलायला वाकलो आणि कमरेतून पायाच्या अंगठ्यापर्यंत वीज गेली. मी अंगणातच आडवा झालो. मणक्यातली गादी सरकली, असं तेव्हा सांगितलं. पट्टा बांधला, इंजेक्शनं घेतली, झोपून राहिलो. हळूहळू पायातली कळ गेली. कंबर मात्र तशीच राहिली. मग मी चामोर्शीच्या बाजारातून दुखण्याच्या गोळ्या आणून फुटाण्यासारख्या खाऊ लागलो. कुणाला विचारलं नाही. गोळी खाल्ली की दुपार बरी जायची, एवढंच मला कळत होतं.

फोटो

गोळ्यांनी पोट फाडलं. शी काळी झाली, चक्कर येऊन पडलो, आणि गडचिरोलीच्या दवाखान्यात भरती झालो. पोटाचं आटोक्यात आल्यावर कमरेच्या डॉक्टरबाई आल्या. वय माझ्या मुलीएवढं, बोलणं शांत. त्यांनी नवा मोठा फोटो, एमआरआय म्हणतात तो, काढायला लावला, जुन्याशेजारी धरून पाहिला आणि म्हणाल्या, "काका, गादीचं भरून आलंय. बाकी थोडी झीज आहे, ती या वयात सगळ्यांनाच असते. ऑपरेशनची गरज नाही."

"मंग दुखते काऊन?"

"जखम बरी झाली, पण दुखणं थांबायचं विसरलं. आता ते दुखणंच आजार आहे."

आनंद व्हायला हवा होता. ऑपरेशन टळलं होतं. पण मला भयंकर राग आला. मी म्हटलं, "म्हणजे मी ढोंग करून राह्यलो?"

"असं मी म्हणाले नाही," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी यमुनाकडे वळलो. "पाह्यलं का? फोटोत काई नाई म्हणून दुखत नाई म्हणते! इथी जीव चालला अन् ही मले फोटो दाखवते!"

यमुना माझा डबा धूत होती. "हो ना," एवढंच म्हणाली.

तिने त्यापुढे बोलायला हवं होतं. बोलली नाही. त्या वेळी मला ते कळलंही नाही.

खाटेखाली

दवाखान्यातला दिवस लवकर सुरू होतो. झाडू येतो, मग फिनेलचा वास, मग चहावाला, मग सिस्टर, मग डॉक्टरांचा राउंड. राउंड झाला की दिवस संपल्यासारखा वाटतो आणि अजून तर सकाळच असते. शेजारच्या खाटेवर चामोर्शीकडचाच एक ट्रॅक्टरवाला होता, पाय मोडलेला. तो मला म्हणायचा, "कंडक्टरभाऊ, माहं हाड तरी मोडलं, दिसते. तुमचं तं बिनतिकीट दुखणं हाय." मी हसायचो. रात्री त्याच वाक्याने झोप यायची नाही.

मला खाट होती. यमुना खाली, फरशीवर चटई टाकून. थंडीचे दिवस होते. आमची मुलगी रेखा चंद्रपुराहून भेटायला आली आणि ते पाहून माझ्यावर तडकली.

"बाबा, आईले खाली झोपवता? तिची कंबर कशी हाय, माहीत हाय ना तुमाले?"

"तिले काय झालं? तिले आदत हाय."

रेखा काही बोलणार होती. यमुनाने तिला डोळ्यांनीच थांबवलं आणि केळी सोलून माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागा होतो आणि यमुना उठत होती. आधी ती कुशीवर वळली. मग कोपर टेकलं. मग माझ्या खाटेचा पाय धरला, थांबली, दात आवळून एक श्वास घेतला, आणि अर्धी उठून पुन्हा थांबली. तोंडातून आवाज नाही.

ते उठणं मी ओळखलं. तसं उठणं मी एकदा लोकांसमोर करून दाखवलं होतं.

दंडार

झाडीपट्टीबाहेरच्या लोकांसाठी सांगतो. दिवाळी झाली, धान निघालं की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, जिलेबीच्या कढया चढतात. रात्री नाटक, आणि दुपारी दंडार. दंडारीत गावातलेच गडी नाचतात, गातात, सोंगं काढतात. बायांची कामंही गडीच करतात. मी तरुणपणी बाईचं काम करायचो आणि चांगलं करायचो. माझी चाल पाहायला पलीकडच्या गावांतून लोक यायचे. डफ वाजला की अजूनही माझे खांदे हलतात.

त्या वर्षी रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांत यमुना पडली होती. डोक्यावर पऱ्ह्यांच्या म्हणजे रोपांच्या पेंढ्या, धुऱ्यावर म्हणजे बांधावर चिखल, पाय घसरला आणि ती कमरेवर बसली. रेखा तेव्हा लहान होती. महिना गेला, दोन गेले, यमुनाची कंबर काही थांबेना. वाकली की उठता येईना. आई म्हणायची, बायकोला दवाखान्यात ने. मी ड्यूटीच्या गाडीतच तिला चंद्रपूरला नेलं आणि एक्स-रे काढला. आमच्याकडे त्याला फोटोच म्हणतात. तिथल्या डॉक्टरांनी तो पाहून सांगितलं, हाडाला काही नाही. परत येताना मी यमुनाला आणि ड्रायव्हरला सांगितलं, काही नाही. "हाडाला" हा शब्द चंद्रपुरातच राहिला.

मग मंडई आली आणि सोंग सुचेना. तेव्हा मला एक कल्पना सुचली.

त्या दुपारी माझ्या लुगड्याच्या निऱ्या यमुनानेच घातल्या. लुगडं तिचंच, हिरवं. निऱ्या खोचायला ती खाली बसली, आणि उठताना तिने माझा हात धरला.

"कोनाचं सोंग हाय?" तिने विचारलं.

"हाय एका बाईचं."

मांडवात मी खाली बसलो आणि उठलो. कुशीवर वळलो, कोपर टेकलं, थांबलो, दात आवळले. "अवो, माही कंबर!" लोक आधी गप्प होते. मग बायांच्या बाजूने कुणीतरी हसलं, आणि मग सारा मांडव. माझा जोडीदार नवरा झाला होता. त्याच्या हातात मी फोटो दिला होता, खरा, यमुनाचाच. त्याने तो उन्हात धरून साऱ्यांना दाखवला. "पाहा हो, हाय काय काई?"

"नाई!" लोक ओरडले.

"मंग काय हाय?"

"ढोंग!"

यमुना बायांत बसली होती, रेखा मांडीवर. तिने पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं, तीही हसते आहे.

पुढच्या रोवण्यात तिचं नाव कंबरवाली पडलं होतं. बायांची रांग बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, वाकलेली असायची, गाणं चालू, पाऊस अंगावर, आणि एखादी म्हणायची, "काय व कंबरवाली, नवऱ्यानं फोटो आणला नाई काय आज?" रोवण्याचं मला अजून सगळं आठवतं. बांधीतलं कोमट पाणी, दुपारी धुऱ्यावर सोडलेला भात, झिंग्यांची चटणी, आंबील. सुटी असली की मी डबा घेऊन जायचो. यमुना रांगेत सगळ्यांच्या पुढे असायची. मला अभिमान वाटायचा. मी लोकांना सांगायचो, पाहा, दंडारीनं बरी केली.

ती पुढे का असायची, हे मी कधी विचारलं नाही. कंबर हा शब्द त्यानंतर तिच्या तोंडून मी ऐकला नाही.

बोलणारी पाटी

दवाखान्यातून सुट्टी व्हायच्या आधी सिस्टर एक पाटीएवढा फोन घेऊन आल्या. दवाखान्यात नवीनच सुरू झालं होतं. आत कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, म्हणाल्या. बराच काळ दुखणाऱ्या लोकांना दुखणं काय असतं ते समजावून सांगते, प्रश्न विचारले तर उत्तर देते, व्यायाम कुठला आणि किती ते डॉक्टरबाई ठरवतात आणि ती रोज आठवण करते. ती डॉक्टर नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. दर गुरुवारी दवाखान्यात यायचं आणि तिने काय सांगितलं ते डॉक्टरबाई पाहणार.

मी म्हटलं, "माणसं थकली काय, आता मशीन सांगून राह्यली?"

"माणसं थकलीच हायेत काका," सिस्टर म्हणाल्या. "एका पेशंटमागं आमाले पाच मिनिटं नाई भेटत. तिले रातभर इचारा, ती कटाळत नाई."

घरी आणल्यावर पहिले काही दिवस मी तिची फक्त परीक्षा घेतली. बाईचा आवाज होता, पुस्तकातली मराठी. तिने सांगितलं, रोज सकाळी सूर्योदयाआधी बाहेर चालायला जा, थोडं थोडं वाढवत. मी हसायला लागलो. त्या महिन्यात आमच्या शिवारात वाघ होता. उजाडल्याशिवाय घराबाहेर निघू नका, अशी दवंडी झाली होती.

मी म्हटलं, "बाई, सकाळी चालाले गेलो तं कंबरच नाई राह्यणार, दुखन काय?"

ती म्हणाली, "माफ करा. तुमच्या गावाची मला माहिती नव्हती. ऊन वर आल्यावर शाळेच्या पटांगणात किंवा अंगणात चालता येईल का?" मग तिने ते डॉक्टरबाईंना कळवू का, असंही विचारलं. यमुना चुलीपाशी होती, ती फसकन हसली. "घ्या. माफी मांगते. माणूस तं कंदी मांगत नाई."

मी शाळेच्या पटांगणात चालू लागलो.

मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो एका गोष्टीचा. मी तिला विचारलं होतं, जखम बरी झाली तर दुखतं का? तिने सांगितलं, दुखणं ही शरीराची धोक्याची घंटा आहे. काही वेळा ती इतकी हळवी होते की धोका नसतानाही वाजते. दुखणं तेव्हाही खरंच असतं, पण प्रत्येक वेळी आत काही मोडत असतं असं नाही. म्हणून न घाबरता, थोडं थोडं हलायचं, म्हणजे घंटा हळूहळू शांत होते. उदाहरण तिने मोटारीच्या भोंग्याचं दिलं, पान पडलं तरी वाजणाऱ्या. मला ते नीट पोचलं नाही. मी यमुनाला सांगून पाहिलं.

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि म्हणाली, "म्हणजे आपल्या सोमा जागल्यावानी."

सोमा आमच्या शेजारचा. धानाची राखण करायला रात्री मचाणावर बसायचा, त्याला आमच्याकडे जागल म्हणतात. एका साली रानडुकराने त्याला धुऱ्यावर लोळवलं. जखम भरली, पण त्या पूर्ण हंगामात पानाचा आवाज झाला तरी सोमा डबा बडवायचा आणि सारं गाव जागं करायचा.

"बराबर!" मी म्हटलं. "तसंच. डुक्कर नाई, पण सोमा बोंबलून राह्यला."

"हो," यमुना म्हणाली. "पण सोमाले कोनी खोटा नाई म्हटलं."

तिने लाकूड परत आत सारलं.

बाजाराचा दिवस

चामोर्शीचा बाजार होता. जाताना मी नेहमीसारखं सांगितलं, संध्याकाळी येतो. पण त्या दिवशी ओळखीचा एक टेम्पो लवकर परत निघाला आणि मी त्यात बसलो. घरी आलो तेव्हा ऊन चढलेलं होतं. दार ओढलेलं. आतून यमुनाचा आवाज येत होता. मला वाटलं, कुणी शेजारीण आली असेल.

"बाई, फोटोत काईच नाई निंगालं तं दुखणं खोटं रायते काय?"

पाटीला तिची बोली नीट कळायची नाही. तिने परत विचारलं, तुम्ही एक्स-रेबद्दल विचारता आहात का?

"हो. तोच. फोटो."

पाटी म्हणाली, "नाही. एक्स-रेत हाड दिसतं, दुखणं दिसत नाही. फोटो स्वच्छ असला तरी दुखणं खरं असू शकतं. तुम्हाला दुखतं आहे, तर ते खरं आहे."

मी अंगणात, हातात वांग्यांची पिशवी.

"अजून एक डाव सांग," यमुना म्हणाली.

पाटीने तेच पुन्हा सांगितलं.

"जराकशी मोठ्यानं सांग."

आवाज कसा वाढवायचा ते यमुनाला माहीत नव्हतं, की तिला नुसतं तिसऱ्यांदा ऐकायचं होतं, कोण जाणे. पाटी तिसऱ्यांदा बोलली. मग तिने विचारलं, तुम्हाला किती दिवसांपासून दुखतं? पाटी बंद झाल्याचा टिंग आवाज झाला.

मला वाटत होतं की परत फिरावं, बाजाराला जावं, संध्याकाळी यावं. आयुष्यभर मी तसंच केलं होतं, गाडी होतीच. पण आता गाडी नव्हती. मी दार लोटलं.

ती खाली बसली होती, भिंतीला टेकून. मला पाहून उठायला लागली.

"नको उठू," मी म्हटलं. मग काय बोलावं ते सुचेना. "येत्या गुरुवारी तू बी चाल दवाखान्यात."

"मले काय झालं?"

"कंबर."

तो शब्द आमच्या घरात इतक्या वर्षांनी तिच्यासाठी उच्चारला गेला.

"माह्या फोटोत काई नोहतं," ती म्हणाली.

"फोटोत नोहतं. कमरेत होतं."

"आता समजलं तुमाले?"

इथे मी "हो" म्हणू शकलो असतो. पाटीने शिकवलं, त्याआधी मी अडाणी होतो, असं म्हणून सुटता आलं असतं. हे लिहिताना सगळ्यांत जड मला हेच जातं आहे. मी म्हटलं, "नाई. तवाच समजलं होतं."

तिने भिंतीला टेकलेली पाठ सोडवली आणि सरळ बसली.

"तुह्या उठण्याची नक्कल मी केली ना. कुशीवर वळणं, कोपर, दात आवळणं. खोट्या दुखण्याची तशी नक्कल होत नाई. रोज सकाळी पाहत होतो मी. खरं हाय हे दिसत होतं."

"मंग?"

"लोक हसले."

तिने वांग्यांची पिशवी ओढून घेतली, एक वांगं काढून दाबून पाहिलं. "किडकं आणलं," म्हणाली. "नजर कुठी होती?"

त्या रात्री जेवण झालं, भांडी झाली, ती झोपून गेली. मला भीती वाटत होती की ती येणार नाही. न येणं तिच्या हक्काचंच होतं. कंबरवाली हे नाव तिने काम करून करून पुसलं होतं. दवाखान्यात जाऊन ते पुन्हा खरं कशाला करायचं?

गुरुवार

बुधवारी मी विचारलं नाही. गुरुवारी सकाळी पाहतो तर ती लुगडं नेसून, डोक्याला तेल लावून ओट्यावर बसली होती. "गाडी चुकन," म्हणाली.

गाडीत मी तिला खिडकी दिली. रस्त्याला मोहाचं एक जुनं झाड आहे, पूर्वी तिथे हात दाखवला की गाडी थांबायची. मी बोट दाखवलं. ती म्हणाली, "माहीत हाय. तुमी माह्यासाठी एक डाव तिथी थांबवली होती, मले उलटी आली म्हणून. रेखाच्या वेळेस." मी ते पार विसरलो होतो. तिच्या मनात मी तेवढाही शिल्लक होतो, याचं मला आश्चर्य वाटलं.

डॉक्टरबाईंनी आधी माझी पाटी पाहिली. पटांगणातलं चालणं वाढलं होतं, गोळ्या सुटल्या होत्या. त्या खूश झाल्या. मग मी म्हटलं, "आज पेशंट ही हाय."

त्यांनी यमुनाला विचारलं, "आई, किती दिवसांपासून दुखतंय?"

यमुना खाली पाहत होती. बाकावर अजून दोन बाया, एक माणूस, सिस्टर. ती म्हणाली, "यायले इचारा. यायले पाठ हाय."

डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. मी सांगितलं. धुऱ्यावर पडली तेव्हापासून, रेखा मांडीवर होती तेव्हापासून. फोटो स्वच्छ होता. मी तिला ढोंगी म्हटलं, गावाला म्हणायला लावलं. ती त्याच कमरेने साऱ्या बायांच्या पुढे रोवणा करत राहिली. बाकावरची माणसं ऐकत होती. मी आवाज खाली आणला नाही. दंडारीतही खाली आणला नव्हता.

"खाली बसून कशा उठता, ते मला पाहायचंय," डॉक्टरबाई यमुनाला म्हणाल्या. "दाखवाल?"

यमुनाने मान हलवली. नाही. चार लोकांसमोर ती ते करणार नव्हती, आणि का करणार नव्हती ते त्या खोलीत मलाच माहीत होतं.

मी फरशीवर बसलो.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही नको," पण मी ऐकलं नाही. कुशीवर वळलो. कोपर टेकलं. थांबलो, दात आवळले, श्वास घेतला. एक हात कमरेवर ठेवला आणि अर्धा उठून पुन्हा थांबलो. आता माझी स्वतःचीही कंबर ओरडत होती, त्यामुळे बरंचसं सोंग घ्यावं लागलं नाही. खोलीत कुणी हसलं नाही. बाकावरच्या बाईने पदर तोंडाला लावला, आणि पदरामागे काय असतं ते मला त्या दिवशी दिसलं.

तेवढ्यात यमुना बोलली.

"हात कमरेवर नोहता. डाव्या गुडघ्यावर ठेवत होती मी. तवाबी तुमी चुकलेच होते."

सिस्टर गालातल्या गालात हसल्या. मीही हसलो, तसाच अर्धवट उठलेला, तपासणीच्या खाटेची कड धरून. यमुना बाकावरून सरकली, माझ्या शेजारी फरशीवर येऊन बसली, पदर खोचला, आणि डावा हात डाव्या गुडघ्यावर टेकून डॉक्टरबाईंना म्हणाली, "पाहा. हे असं."